काटा, ताप आणि अवधाण : प्रतिकारशक्तीविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तापाचे, खोकल्याचे आणि चिघळलेल्या जखमांचे प्रश्न वाढतात. त्यांपैकी आठ पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. आपण ‘व्हायरल आहे की बॅक्टेरियल’ असे विचारतो. शरीराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असते ते हे की, जंतू पेशींच्या बाहेर वावरतो आहे की एखाद्या पेशीच्या आत शिरून बसला आहे. पुढील बहुतेक उत्तरांचा धागा तोच आहे.

प्रश्न : शेतात काम करताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिसऱ्या दिवशी टाच ठणकू लागली, पू धरला आणि जांघेत अवधाण आले. घरातील वडीलधारे म्हणतात, पू म्हणजे नासलेले रक्त. हे खरे का? आणि काटा टाचेत असताना गाठ जांघेत का यावी? — एक वाचक, कराड तालुका

पुवाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात रक्ताच्या तांबड्या पेशी फारशा दिसत नाहीत. दिसतो तो असंख्य मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच, विरघळलेल्या मांसाचा चोथा आणि काही मेलेले, काही अजून जिवंत असलेले जिवाणू. या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. आपली अस्थिमज्जा दररोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते आणि त्यांतील बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत संपतात. जखमेत उतरलेल्यांचे आयुष्य तर तासांत मोजावे लागते. तेव्हा पू हे रक्त नासल्याचे लक्षण नसून, या पेशी तेथे येऊन काम करून गेल्याची खूण आहे.

काटा शिरला तेव्हा त्याच्याबरोबर मातीतले आणि तुमच्याच कातडीवर एरवी निमूटपणे नांदणारे जिवाणू आत गेले. दुखावलेल्या पेशींनी आणि त्या जागी कायम वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींनी काही रसायने सोडली. त्यांमुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या, म्हणून टाच लाल आणि गरम झाली. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातील द्रव बाहेर झिरपला, म्हणून सूज आली. आणि त्या सुजेचा दाब व ती रसायने मज्जातंतूंच्या टोकांना झोंबली, म्हणून ठणका लागला. ज्याला आपण दुखणे म्हणतो त्याचा मोठा भाग जिवाणूने केलेला नसतो, तो शरीराने स्वतःच केलेला असतो. सैल झालेल्या भिंतींतून न्यूट्रोफिल अंग चोरून बाहेर पडतात, रसायनांचा माग काढत जिवाणूंपर्यंत जातात आणि त्यांना गिळतात. रक्तद्रवातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने त्यांना साहाय्य करतात: ती काही जिवाणूंच्या अंगाला भोके पाडतात, आणि बाकीच्यांच्या अंगावर चिकटून, भांड्याला कान असावा तशी, भक्षक पेशीला पकडायला जागा करून देतात.

तुमचे पत्र वाचून एक जुना प्रयोग आठवल्यावाचून राहिला नाही. १८८२ साली सिसिली बेटावरील मेस्सिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्यांत बारीक काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. अळीला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाममात्र. तरीही काट्याची दखल घेणाऱ्या पेशी तिच्याजवळ होत्या. भक्षक पेशींची कल्पना तेथून पक्की झाली आणि १९०८ साली मेचनिकॉफ यांना पॉल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अवधाणाविषयी. पावलातून झिरपलेला द्रव लसिकावाहिन्यांतून वर चढतो आणि त्याच्या मार्गावरचे पहिले मोठे ठाणे जांघेतील लसिकाग्रंथींचे असते. टाचेत जिवाणूंचे तुकडे गिळलेल्या काही पेशी तेथे चालत जातात आणि तो नमुना तेथील बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशींपुढे मांडतात. ज्या थोड्या पेशींना तो नमुना जुळतो त्या भराभर विभागू लागतात आणि ग्रंथी फुगते. त्याच न्यायाने हाताला नखुरडे झाले तर काखेत गाठ येते आणि घसा धरला तर जबड्याखाली. काट्याचे टोक आत राहिले असेल तर पू पुन्हापुन्हा होत राहील, म्हणून ते काढवून घ्यावे आणि स्वतः पिळत बसू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. टाचेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, हुडहुडी भरून ताप आला किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर घरगुती पोटिसावर एक दिवसही घालवू नये.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला तीन दिवस ताप आणि सर्दी होती. डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ असे सांगून अँटिबायोटिक दिले नाही. चौथ्या दिवशी शेंबूड हिरवा झाला, तेव्हा मागच्या वेळची चिठ्ठी घेऊन मी दुकानात जाण्याच्या बेतात होते. मी चुकत होते का? — एक वाचिका, डोंबिवली

शेंबडाच्या हिरव्या रंगाने पुष्कळ पालकांना घाबरवले आहे. तो रंग जिवाणूंचा नसतो. न्यूट्रोफिलच्या पोटात जंतू मारण्यासाठी लोहयुक्त असे एक विकर (एन्झाइम) असते आणि ते मुळातच हिरवे असते. साध्या विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकात या पेशी गोळा होतात आणि शेंबूड दाट, पिवळा, मग हिरवट होतो. रंगावरून जंतूची जात ओळखता येत नाही.

डॉक्टरांनी औषध का दिले नाही, हे समजण्यासाठी विषाणू करतो काय ते पाहावे लागेल. जिवाणू ही स्वतंत्र पेशी आहे. तिला स्वतःची भिंत आहे, प्रथिने बनवण्याची स्वतःची यंत्रे आहेत. प्रतिजैविके नेमकी त्या भिंतीवर किंवा त्या यंत्रांवर घाव घालतात. विषाणूजवळ यांतले काहीच नसते. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला जनुकांचा एक तुकडा, एवढाच त्याचा संसार; बाकी सारे तो आपल्या पेशीत शिरून तिच्याकडून करवून घेतो. अँटिबायोटिकाला त्याच्यात मारण्यासारखे काही सापडतच नाही.

एकदा तो पेशीत शिरला की न्यूट्रोफिल आणि कॉम्प्लिमेंट यांचाही फारसा उपयोग राहत नाही, कारण त्यांचा वावर पेशींच्या बाहेर असतो. येथे शरीर दुसरा मार्ग धरते. विषाणूने घुसखोरी केल्याचे लक्षात येताच ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते. लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ साली त्यांचा शोध लावला. इंटरफेरॉनचा निरोप मिळालेल्या शेजारच्या पेशी प्रथिने बनवण्याचा कारखाना मंदावतात आणि आत येणाऱ्या विषाणूचे जनुक तोडण्याची तयारी करून ठेवतात. फ्लूमध्ये जे अंग मोडून येते, डोके जड होते आणि पडून राहावेसे वाटते, त्यात या रसायनांचा वाटा फार मोठा आहे. हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना पूर्वी औषध म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, तेव्हा फ्लूचा एकही विषाणू अंगात नसताना त्यांना हुबेहूब फ्लूसारखा त्रास होत असे.

इंटरफेरॉन वेळ मिळवून देते. शेवट बहुधा मारक टी पेशी करतात. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर सतत मांडून ठेवत असते, एखाद्या दुकानदाराने आतला माल दाराशी मांडावा तसे. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की मारक टी पेशी त्या पेशीला आतल्या विषाणूसकट संपवते. या व्यवस्थेचा उलगडा पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे केला आणि १९९६ साली त्यांना नोबेल मिळाले. मात्र नेमक्या टी पेशी शोधून, त्यांची संख्या वाढवून कामाला लावण्यास चार-पाच दिवस ते आठवडा लागतो. ‘औषध घेतले तर सर्दी सात दिवसांत बरी होते, नाहीतर आठवडा लागतो’ या जुन्या विनोदात विज्ञान आहे ते एवढे.

डॉक्टरांना अंदाज येतो तो अनेक गोष्टी एकत्र पाहून. नाक वाहणे, खोकला, लाल डोळे, घरातल्या दोघा-तिघांना एकदम तेच होणे, हे सारे विषाणूकडे बोट दाखवते. टॉन्सिलवर पुवाचे ठिपके, गळ्यात दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव, हे जिवाणूकडे. रक्ततपासणीत न्यूट्रोफिल वाढलेले दिसले तर जिवाणूची शंका बळावते. पण विषमज्वर जिवाणूजन्य असूनही त्यात पांढऱ्या पेशी अनेकदा कमीच दिसतात. म्हणून कागदावरचा एक आकडा पाहून औषध ठरवणे चूक. मूल जोरजोराने श्वास घेऊ लागले, पाणी पिईनासे झाले, लघवी कमी झाली, सुस्तावून पडले, किंवा ताप उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा जोराने चढला, तर मात्र परत दाखवावे. या शेवटच्या प्रकारात विषाणूने श्वसनमार्गाचे अस्तर खरवडून ठेवलेले असते आणि तेथे जिवाणूंना आयते शिरायला मिळते. जुनी चिठ्ठी त्या वेळीही कामाची नसते.

प्रश्न : ताप हेच औषध असते, तो उतरवू नये, असे एका निसर्गोपचाराच्या वर्गात सांगितले. पॅरासिटामॉल घेतल्याने प्रतिकारशक्ती मार खाते का? — एक वाचक, नागपूर

अर्धे खरे आहे. ताप जंतू आणत नाहीत. प्रतिकारपेशींच्या निरोपावरून मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराच्या तापमानाचा ठरलेला आकडा वर सरकवतो. म्हणूनच अंग १०० अंशांवर असूनही थंडी वाजते आणि गोधडी हवीशी वाटते. आकडा खाली आला की घाम फुटतो. थोड्या चढ्या तापमानात काही जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींची हालचाल वाढते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण नेहमीच्या दुखण्यात पॅरासिटामॉलने ताप एक-दोन अंश उतरवल्याने बरे होण्यास अडथळा येतो, असे दिसत नाही. त्रास होत असेल तर घ्यावे, माणूस हिंडता-फिरता असेल तर केवळ थर्मामीटरच्या समाधानासाठी घेऊ नये. डेंग्यूची साथ असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते.

प्रश्न : मी बारावीत शिकतो. जगात नवा विषाणू आला तरी आपले शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते. जो जंतू पूर्वी कधी पाहिलाच नाही, त्याला जुळणारे प्रतिपिंड बनवण्याची माहिती शरीराजवळ कोठून येते? — एक विद्यार्थी, नाशिक

प्रश्न इतका मर्मावर बोट ठेवणारा आहे की, विसाव्या शतकातील निदान दोन नोबेल पारितोषिके त्याच्या उत्तराशी बांधलेली आहेत. मानवी शरीरात प्रथिनांसाठीची जनुके सुमारे २०,००० आहेत आणि प्रतिपिंडांचे संभाव्य प्रकार तर अब्जावधी. एका प्रतिपिंडाला एक जनुक असा हिशेब बसणारच नाही.

जुन्या छापखान्यातील खिळ्यांची पेटी डोळ्यांपुढे आणावी. खाने थोडे, खिळे मोजके. पण जुळारी त्यांतून हवा तो मजकूर जुळवतो. प्रतिपिंड बनवणारी बी पेशी अस्थिमज्जेत घडत असताना तिच्या जनुकांचे तुकडे असेच जुळवले जातात: एका खान्यातून सुमारे चाळिसांपैकी एक, दुसऱ्यातून विसेकांपैकी एक, तिसऱ्यातून सहापैकी एक, आणि सांध्यांवर आणखी काही अक्षरे वाटेल तशी घुसडली जातात किंवा गाळली जातात. फरक इतकाच की, येथे जुळाऱ्यापुढे हस्तलिखित नसते. तो डोळे मिटून जुळवतो. प्रत्येक बी पेशीच्या वाट्याला एक वेगळी जुळणी येते आणि ती पेशी आयुष्यभर साधारण त्याच आकाराचे प्रतिपिंड बाळगते. जनुकांची ही उलथापालथ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दाखवली आणि १९८७ साली त्यांना नोबेल मिळाले.

म्हणजे शरीर जंतू पाहून कुलूपकिल्ली घडवत नाही. अब्जावधी किल्ल्या आधीच आंधळेपणाने घडवलेल्या असतात. जंतू येतो तेव्हा जिची किल्ली योगायोगाने थोडीफार बसते, ती पेशी निवडली जाते आणि तिच्या प्रती निघतात. निवडीची ही कल्पना ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली मांडली. पहिली किल्ली ढिलीच बसते. सुरुवातीला बनणारे आयजीएम प्रतिपिंड असेच असते. पाच-दहा हात एकत्र करून ते जंतूला कसेबसे धरते. पुढील काही आठवड्यांत लसिकाग्रंथींत बी पेशी आपल्या जनुकांत मुद्दाम बारीक चुका करत राहतात, ज्या चुकीने पकड घट्ट होते ती पेशी टिकते आणि नेमके बसणारे आयजीजी तयार होते. डेंग्यूच्या तपासणीच्या कागदावर आयजीएम आणि आयजीजी असे दोन रकाने असतात, त्यांचा अर्थ यातून लागतो: पहिले ताज्या लागणीचे, दुसरे बहुधा जुन्या किंवा दुसऱ्यांदा झालेल्या लागणीचे.

आंधळ्या जुळणीत आपल्याच शरीराला जुळणारी किल्लीही निघते. अशा बहुतेक पेशी अस्थिमज्जेत आणि थायमस ग्रंथीत बाद केल्या जातात. थायमसमध्ये शिरलेल्या टी पेशींपैकी फार थोड्या जिवंत बाहेर पडतात. तरीही जी निसटतात त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी असतात. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच कामासाठी मिळाले. बारावीच्या पुस्तकात हा भाग अद्याप दोन ओळींत उरकलेला असेल, तर तुमच्या शिक्षकांना अवश्य विचारावे.

प्रश्न : गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, कांजिण्याही तशाच. मग सर्दी दर वर्षी का होते? आणि माझ्या सासूबाईंना सत्तराव्या वर्षी नागीण झाली, ती कांजिण्यांमुळेच असे डॉक्टर म्हणाले, ते कसे? — एक शिक्षिका, बेळगाव

लागण ओसरल्यावर निवडलेल्या बी आणि टी पेशींपैकी काही थोड्या मागे राहतात. हीच शरीराची आठवण. ती किती टिकते याचा सर्वांत सुंदर पुरावा उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवरचा आहे. तेथे १७८१ साली गोवराची साथ आली होती आणि नंतर ६५ वर्षे गोवर फिरकला नाही. १८४६ साली तो पुन्हा आला तेव्हा सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी ६,००० माणसे आजारी पडली. पेटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव हिंडला आणि त्याला असे आढळले की, ज्या म्हाताऱ्यांना १७८१ साली लहानपणी गोवर झाला होता, त्यांच्यापैकी एकालाही तो या वेळी झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत उजळणी करून देणारा एकही विषाणू बेटांवर नव्हता. तरी आठवण शाबूत होती. गोवराचा विषाणू आपला चेहरा बदलत नाही, हे त्याचे एक मोठे कारण. (गोवराची दुसरी बाजूही आहे: तो स्मृतिपेशींनाच लागतो आणि इतर जंतूंविषयीची जुनी आठवण पुसून टाकतो. मूल गोवरातून उठल्यावरही पुढे दीर्घ काळ इतर दुखण्यांना बळी पडते ते यामुळे, म्हणून ‘गोवर काय, सगळ्यांनाच होतो’ असे म्हणून लस टाळणे महागात पडते.)

सर्दीचे तसे नाही. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. दर वर्षीची सर्दी ही बहुधा नव्या पाहुण्याची असते. फ्लूचा विषाणू एकच असला तरी वेष दर वर्षी थोडा बदलतो. धनुर्वाताची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे: त्याचे विष इतके जहाल की, रोग होण्यास पुरेशी मात्रा आठवण तयार करण्यास पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते.

आता नागीण. कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावर शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतूंच्या गाठींत निपचित पडून राहतो आणि टी पेशी त्याला तेथे दाबून ठेवतात. वयाबरोबर हा दाब सैल पडला की तो एखाद्या मज्जातंतूवरून खाली उतरतो आणि त्या तंतूच्या हद्दीतच पुरळ उठवतो. नागिणीची दोन तोंडे एकमेकांना मिळाली की माणूस दगावतो, ही आपल्याकडची समजूत तुमच्या कानांवर आली असेल. प्रत्येक मज्जातंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपत असल्यामुळे ती तोंडे सहसा मिळतच नाहीत. सासूबाईंना त्या भीतीतून मोकळे करावे. मात्र पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर अधिक फायदा होतो, आणि डोळ्याजवळ पुरळ आले तर मुळीच थांबू नये.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. आता त्यांना क्षयरोग निघाला. डॉक्टर म्हणतात, जंतू तरुणपणीच शिरला असावा. चाळीस वर्षे प्रतिकारशक्तीने त्याला मारले कसे नाही? — एक वाचक, सोलापूर

क्षयाचा जंतू जिवाणू असूनही विषाणूच्या चालीने राहतो, हे त्याचे उत्तर. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतो आणि तेथील मॅक्रोफेज त्याला रीतसर गिळते. एरवी गिळलेल्या जिवाणूची पिशवी पाचक रसांच्या पिशवीशी जोडली जाते आणि तो विरघळतो. हा जंतू ती जोडणीच होऊ देत नाही. ज्या पेशीने त्याला खायचे, तिच्याच पोटात तो घर करतो. न्यूट्रोफिल, प्रतिपिंडे वगैरे बाहेरच्या बाहेर राहतात.

टी पेशी मदतीला येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडून त्या मॅक्रोफेजना चेव आणतात. काही जंतू मरतात. उरलेल्यांभोवती पेशींची तटबंदी होऊन डाळीच्या दाण्याएवढी गाठ बनते. छातीच्या एक्स-रेवर पुष्कळांना जो जुना पांढरा ठिपका दिसतो तो बहुधा अशाच निवलेल्या गाठीचा असतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूची कधी ना कधी लागण झालेली आहे, आणि त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात प्रत्यक्ष क्षयरोग होतो. बाकीच्यांत ही तटबंदी जन्मभर टिकते. मधुमेहात भक्षक आणि टी पेशींचे काम मंदावते आणि क्षयाचा धोका सुमारे तिप्पट होतो. एचआयव्हीमध्ये टी पेशीच घटतात, म्हणून तेथे हा धोका कितीतरी पटींनी अधिक. संधिवातावरची काही नवी इंजेक्शने देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात, तीही या गाठी उकलू नयेत म्हणूनच.

उपचार सहा महिन्यांचे का, याचे कारणही येथेच आहे. हा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो आणि त्यातले काही तर झोपूनच असतात; औषधे मुख्यत्वे जाग्या, वाढत्या जंतूंना मारतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन भरू लागते आणि गोळ्या सोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. सरकारी केंद्रांत हे उपचार मोफत आहेत. घरातील इतरांनी, विशेषतः लहान मुलांनी, तपासणी करून घ्यावी आणि वडिलांची साखर औषधांइतक्याच काटेकोरपणे सांभाळावी.

प्रश्न : इम्युनिटी वाढवणारे काढे, गोळ्या, पावडरी यांपैकी कोणते घ्यावे? — अनेक वाचक

वरील उत्तरे वाचल्यावर ‘इम्युनिटी’ हे एका टाकीत भरलेले पाणी नाही, हे ध्यानात आले असेल. न्यूट्रोफिल, टी पेशी, प्रतिपिंडे, नियामक पेशी यांपैकी नेमके काय वाढवायचे, ते डब्यावर लिहिलेले नसते. आणि सरसकट सगळेच वाढले तर दमा, संधिवात असे दुखणे उफाळेल. सुंठ-तुळशीच्या काढ्याने घशाला ऊब मिळते, तेवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. पुरेशी झोप, पोटभर प्रथिनयुक्त जेवण, तंबाखू सोडणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि वेळच्या वेळी लसी घेणे यांचा परिणाम मोजता येतो. यापलीकडे कोणत्याही डब्याची शिफारस हे सदर करणार नाही.

प्रश्न : बाळाला दीड महिन्याची लस दिली तेव्हा ताप आला आणि मांडीला गाठ आली. जावेच्या बाळाला काहीच झाले नाही. कोणाची लस ‘लागली’ म्हणायची? आम्ही हाफकिन संस्थेजवळ राहतो. हाफकिनने लस स्वतःलाच टोचून घेतली होती ही गोष्ट खरी का? — एक वाचिका, परळ

लस दोघांचीही लागली. दीड महिन्याच्या लसीत डांग्या खोकल्याचे संपूर्ण, पण मेलेले जिवाणू असतात. ते कोणाला आजारी पाडू शकत नाहीत. मात्र त्यांच्या भिंतीचे तुकडे पाहून मांडीतील भक्षक पेशी तशाच सावध होतात जशा कराडच्या वाचकाच्या टाचेत झाल्या, आणि त्याच रसायनांनी ताप व सूज येते. ही पहिली खळबळ कोणाच्या अंगात दिसण्याइतकी होते, कोणाच्या नाही. प्रतिपिंडे तयार होण्याचे काम त्यानंतर काही दिवसांनी, कोणताही गाजावाजा न करता होते. तापावरून त्याची मोजदाद होत नाही.

हाफकिन यांची गोष्ट खरी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा एवढीच जागा मिळाली. तेथे प्लेगचे जिवाणू वाढवून, उष्णतेने मारून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला आणि टोचल्या जागी दुखले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले.

बाळाच्या मांडीवरची गाठ चोळू नये आणि तिच्यावर काही लावूही नये. ती आपोआप विरते, क्वचित काही आठवडे घेते. ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, बाळ तीन तासांहून अधिक काळ सलग किंचाळून रडत राहिले किंवा त्याला आकडी आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे आणि पुढील मात्रेच्या वेळी लसीकरण केंद्रात तसे सांगावे.